तुतारीची मर्यादा

पुण्या-साताऱ्याकडच्या माणसापुढे तुतारी म्हटली की शिंग फुंकणारा उभा राहतो. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या लेखी तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. देशावर हिलाच पराणी किंवा पुराणी म्हणतात. बांबूची सडसडीत काठी, पेरं घासून गुळगुळीत केलेली; जाड बाजू मुठीत आणि बारीक टोकाला ठोकलेली, जेमतेम बाहेर डोकावणारी लोखंडी आर. कुणी तिला चामड्याची वादीही बांधतं. धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, शंकरपटांचा म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. दिवसा पट आणि रात्री नाटक असा तो जोडकार्यक्रम असतो. पटाच्या मैदानात छकड्याला जुंपलेली जोडी, तिच्यामागे अंग चोरून बसलेला धुरकरी, त्याच्या एका हातात कासरे आणि दुसऱ्या हातात तुतारी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. आज कायद्याने त्या दुसऱ्या हातातली तुतारी काढून घेतली आहे. पटशौकिनांच्या बोलण्यात याबद्दलचा राग लपत नाही: शहरातल्या, बैलाचं शेपूटही न धरलेल्या लोकांनी हा नियम आपल्यावर लादला, असं त्यांचं म्हणणं. मला हे उलटं वाटतं. तुतारी आवरण्याचा नियम शेतीतूनच निघालेला आहे आणि तो तुतारीइतकाच जुना आहे. पटाने तो मोडला, कायद्याने तो पुन्हा लिहून काढला.

तुतारीचं कूळ शोधायला बरंच मागे जावं लागतं. ऋग्वेदातला पूषन् हा गुरांचा आणि वाटांचा देव. त्याच्या हाती अष्ट्रा आहे, म्हणजे गुरं हाकायची काठीच. सहाव्या मंडलातल्या त्याच्या सूक्तात ‘आरा’ही येते, आणि आपली आर तिच्याच वंशातली. गंमत अशी, की तिथे ही आरा गुरांना टोचायची नाही. कंजूष पणींच्या काळजाला ती टोच, अशी देवाला विनवणी आहे. (हत्यार जनावराऐवजी माणसावर उगारायची ही कल्पना पुढे महात्मा फुल्यांनीही वापरली. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला असूड बैलांसाठी नाही.) ऋग्वेदानंतरच्या ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात नांगराच्या एकेका भागाचं माप दिलं आहे आणि त्यात पच्चनीचंही आहे: बांबूची, मजबूत, टोकाला लोखंड असलेली, साडेबारा किंवा नऊ मुठी लांब. भंडाऱ्याची तुतारी याहून वेगळी कुठे आहे? त्याच ग्रंथाचं दुसरं सांगणं असं, की शेती अशी करावी जिच्यात बैलांना पीडा होणार नाही. नांगराला आठ बैल हे धर्माचं, सहा व्यवहाराचं, चार निर्दयांचं आणि दोन तर गाय खाणाऱ्यांचं काम. हा हिशेब कुठल्याही काळी किती शेतकऱ्यांना परवडला असेल हा प्रश्नच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात प्रवासाला निघणाऱ्याला बजावलं आहे, की शिकवलेली जनावरं जुंपावीत आणि प्रतोदाने, म्हणजे पराणीनेच, त्यांना फार टोचू नये.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. हे सगळे ग्रंथ नांगराला हात न लावणाऱ्यांनी लिहिलेले. शेतात काय चालायचं याचा तो पुरावा कसा? मनूच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करायला हरकत नाही. पण ‘नऊ मुठी’ हे माप धर्मशास्त्रातून निघत नाही, ते नांगराच्या मागे चालणाऱ्या माणसाच्या हातातून निघतं. काठी आखूड झाली तर माणसाला वाकावं लागतं आणि नांगर डळमळतो. फार लांब झाली तर टोक नेमक्या जागी टेकत नाही. लांबी ठरते ती माणूस आणि जोडी यांच्यातल्या अंतरावरून, म्हणजे स्पर्शासाठी. ताकदीने मारायचंच असतं तर जाड सोटा पुरला असता. एवढी सडपातळ, मापलेली काठी कोण कशाला करील? दुसरा पुरावा तर ग्रंथाबाहेरचाच आहे, आणि तो म्हणजे पोळा. आदल्या दिवशी खांद शेकायची, बैलाला जेवायचं आवतण द्यायचं, पोळ्याला त्याला जुंपायचं नाही, त्याच्या अंगावर काठी उगारायची नाही, जुनी वेसण आणि कासरा बदलून नवे घालायचे. भंडाऱ्यात हे कुणी पोथी उघडून करत नाही. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, सुरू होतात तेव्हा धन्याची तुतारी गोठ्याच्या वळचणीला असते. कुणी म्हणेल, वर्षातला एक दिवस काठी उगारायची नाही याचा अर्थ उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती उगारली जायची. खरं आहे. पण ज्या हत्याराला सुटी द्यावी लागते, त्याचा वापर मोजून करायचा असतो ही जाणीव त्या सुटीतच आहे.

या जाणिवेमागे दया होती असं मी म्हणत नाही. असली तर चांगलंच, पण तिच्यावाचूनही हा नियम उभा राहतो, कारण तो मुळात कसबाचा नियम आहे. पाली वाङ्मयातल्या पतोद सुत्तात घोड्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: पराणीची सावली पाहूनच सावध होणारा, ती केसांना लागल्यावर होणारा, कातडीला लागल्यावर होणारा आणि हाडापर्यंत पोचल्यावर होणारा. दाखला भिक्खूंसाठी आहे, पण तो घेतलाय जनावरं हाकणाऱ्यांच्या अनुभवातून. सावलीवर चालणारा बैल आणि हाडापर्यंत टोचल्याशिवाय न हलणारा बैल यांत फरक जातीचा कमी आणि हाकणाऱ्याचा जास्त असतो. रोज आर खाणारा बैल निबर होतो. काल टेकवून भागलं तिथे आज टोचावं लागतं, उद्या भोसकावं लागतं, आणि परवा तो बैल बाजारात जातो. म्हणून चांगल्या औतकऱ्याची ओळख त्याच्या बैलाच्या पुठ्ठ्यावरून व्हायची: तिथे वण नसले की माणूस जाणता. गुरांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचं सांगणंही याच वाटेचं आहे. गुराला मान न वळवता जवळजवळ सभोवार दिसतं, फक्त पाठीमागचा अरुंद पट्टा सुटतो. त्याच्याभोवती एक अदृश्य कुंपण असतं. माणूस त्याच्या आत आला की ते सरकतं. खांद्याच्या मागून आत आलात तर पुढे, पुढून आलात तर मागे. तुतारी म्हणजे हाकणाऱ्याचा लांब केलेला हात. ती त्या कुंपणाच्या आत नुसती आली तरी काम होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. इंग्रजांच्या कोल्ह्याच्या शिकारीत चाबकाभोवती शिष्टाचाराचं मोठं प्रकरण आहे. त्या चाबकाच्या दांड्याला बहुधा सांबरशिंगाची आकडी असते. घोड्यावरून न उतरता शेताचं फाटक उघडायला आणि धरून ठेवायला ती लागते. दांड्याला लांब वादी आणि वादीच्या टोकाला बारीक दोरी. ही वादी न लावता नुसता दांडा घेऊन येणं वेंधळेपणाचं मानतात. कुत्र्यांचा कळप जवळून जाऊ लागला की स्वाराने थांबायचं, घोड्याचं तोंड कळपाकडे करायचं आणि वादी खाली सोडायची, म्हणजे कुत्रं टापांखाली येत नाही. चाबूक वाजवण्याचा हक्क मात्र पाहुण्या स्वाराला नाही. तो कळप सांभाळणाऱ्या नेमलेल्या माणसांचा. तेही मारतात त्यापेक्षा वाजवतात जास्त. वादीचं टोक आवाजाच्या वेगाला मागे टाकतं आणि तो फटकारा हवेतच फुटतो, कुणाच्या पाठीवर नाही. याच नेमलेल्या माणसाचं ‘व्हिप’ हे नाव अठराव्या शतकात इंग्रजांच्या पार्लमेंटात शिरलं आणि तिथून आपल्या विधानसभेत प्रतोद होऊन बसलं. मनूने जपून वापरायला सांगितलेली वस्तू आता आमदारांना हाकते. त्या शिकारीचं समर्थन करण्याचं कारण नाही. इंग्लंडनेच 2004 च्या कायद्याने ती बंद केली, आणि कोल्ह्याच्या दृष्टीने चाबकाच्या शिष्टाचाराला काहीच अर्थ नव्हता. मुद्दा एवढाच, की जिथे जिथे जनावराबरोबर रोज काम करावं लागतं तिथे चाबकाचा पहिला नियम ‘कुणी आणि कधी वापरू नये’ हाच होतो.

आता अवघड आक्षेप. काठी स्पर्शासाठीच होती तर टोकाला लोखंड कशाला? या प्रश्नाला बगल देता येत नाही. आर टोचायलाच असते. चिखलणीच्या घाईत, पाऊस हातचा जाईल या भीतीने, कर्जाने घेतलेल्या थकल्या जोडीवर ती निर्दयपणे चालली आहे, हल्यांवर, म्हणजे रेड्यांवर, तर जास्तच. तसं नसतं तर 1890 मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा करावा लागला नसता, 1960 चा कायदा आला नसता, आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत टोकदार काठीला बंदी घालावी लागली नसती. मर्यादा होती म्हणून ती पाळलीच जायची असं नाही. पण शेतात ती मोडणाऱ्याला मोडल्याची किंमत द्यावी लागायची. जखमी बैलावर जू ठेवता येत नाही, आणि हंगामात बैल बसला तर धन्याचं पोट बसतं. उद्या याच बैलाकडून काम घ्यायचं आहे, हा हिशेब तुतारीला आवरून धरायचा. पटात नेमका तो हिशेब नाहीसा होतो. सगळा खेळ काही सेकंदांचा, निकाल सेकंदाच्या शतांश भागावर, बक्षीस आत्ता. बैल निबर होईल की नाही हा प्रश्न त्या सेकंदांत कुणाला पडणार? स्पर्शासाठी घडवलेलं हत्यार तिथे फक्त वेदनेसाठी उरलं, आणि तुतारी पुरेना तेव्हा शेपूट पिळणं आणि चावणं आलं.

पुढचा इतिहास कोर्टकचेऱ्यांचा आहे आणि तो थोडक्यात सांगून होतो. 2011 मध्ये केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली, काठी, चाबूक आणि इजा करणारी साधनं वर्ज्य केली, आणि छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. उच्च न्यायालयाने तरी शर्यती थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 ला त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. पट परतले, पण रिकाम्या हाताने.

तुतारीशिवाय पट होणारच नाही, ही भीती तेव्हापासून बोलून दाखवली जाते. ती खरी ठरलेली नाही. जोड्या धावतात, गर्दीही जमते. हाकारा, जिभेचा चुटका, कासऱ्याचा ताण आणि जोडीचा सराव एवढ्यावर बैल धावत असेल तर तो धुरकऱ्याचा कस, आणि तसा पट बघायला मजा जास्तच यावी. उलट बाजूचा आक्षेप मला जड वाटतो. बैल हा ओढणारा प्राणी, त्याची ठेवण घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असं नागराज निकालातच म्हटलं आहे; मग नुसती काठी काढून काय साधलं? याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला सापडत नाही. एवढं म्हणता येईल, की बैल गाडीला जुंपून दौडत न्यायची सवय शेतकऱ्याला पटाआधीही होती, आणि अंतर कमी, ओझं हलकं, तपासणी नीट असेल तर त्या दौडीतला छळ बहुतांशी हाकणाऱ्याच्या हातातून येतो. तो हात मोकळा करणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं होतं. नियम कागदावर राहतो आणि मैदानात कुठे कुठे खिळा मुठीत लपवला जातो, ही तक्रार वेगळी. ती बंदोबस्ताची आहे.

आणि नियम लिहावाच का लागला, याचं कारणही भंडाऱ्याच्या शेतातच दिसतं. तिथे आता चिखलणी ट्रॅक्टर करतो. पूर्वी बैल पाळणारा, त्याला चारा घालणारा आणि त्याच्या मागे तुतारी घेऊन चालणारा माणूस एकच असायचा. काल टोचलेल्या जागेवर आज त्यालाच हळद लावावी लागायची. पटाचा बैल औत ओढत नाही. त्याला मालक वेगळा, खुराक घालणारा गडी वेगळा आणि हाकणारा धुरकरी तिसराच, जो आज या जोडीवर तर उद्या त्या जोडीवर बसतो. त्याला त्या बैलाचा दुसरा दिवस बघायचा नसतो. ज्या मर्यादेला सांभाळायला रोजचा संबंध पुरत होता, तिला आता पंच, पशुवैद्य आणि जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र लागतं.