वर्गणीदारांची यादी

वालचंद हिराचंद यांचे नाव घेतले की जहाजे, विमाने आणि मोटारी आठवतात. त्यांच्या वडिलांनी सोलापुरातून एक नियतकालिक काढले होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे ‘जैन बोधक’ 1880च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. त्या वेळी वालचंद जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे. सोलापूर तेव्हा वाढते गाव होते. 1860 मध्ये रेल्वे आली आणि 1877 मध्ये ‘जुनी मिल’ उभी राहिली. अशा गावातल्या पेढीवाल्याने पैसा पेढीतच गुंतवावा, ही सरळ रीत. हिराचंदांनी त्यातला काही छापखान्याकडे वळवला, तेही छपाईवरून समाजात वाद पेटलेला असताना.

वाद साधा नव्हता. जैन धर्मग्रंथ मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखित रूपात जपले जात, आणि नक्कल करणे हेही पुण्याचे काम मानले जाई. ग्रंथ छापला तर शाई कसली, बांधणीची खळ कसली, तो कुणाच्याही हाती पडणार, म्हणजे जिनवाणीचा अविनयच, असे सनातनी मंडळी म्हणत. हिराचंद छपाईच्या बाजूने उभे राहिले आणि ‘रत्नकरंड श्रावकाचार’ हा श्रावकधर्मावरचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

पण अशा पुस्तकाला गिऱ्हाईक कुठे शोधायचे? हिराचंद ज्या दिगंबर जैन पंथाचे, त्याचा वाचक एका गावात नव्हता. सोलापूर, फलटण, बारामतीकडे हुमड जातीतले व्यापारी, तर कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात शेतकरी. दुकानात पुस्तक मांडून हा वाचक मिळणारा नव्हता. त्याच्यापर्यंत टपालानेच जायला हवे होते. टपाल खात्यानेही नेमक्या त्याच काळात दोन सोयी करून दिल्या होत्या. 1877 मध्ये व्ही.पी. सुरू झाली, म्हणजे पुस्तक दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, त्यामुळे वाचकाला शंका, तक्रार किंवा मागणी स्वस्तात कळवता येऊ लागली.

लेखकाने वाचकाला नियमित गाठण्याचा मराठीतला मोठा दाखला पुण्याचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून ‘निबंधमाले’चे 84 अंक काढले आणि ते जवळजवळ एकहाती लिहिले. हल्ली सबस्टॅकसारख्या सेवांवरून लेखक ईमेलने जी वार्तापत्रे पाठवतात, त्यांचा सख्खा पूर्वज शोधायचा तर तो मालेतच सापडेल. ‘जैन बोधक’ची जात थोडी वेगळी. तिथे विष्णुशास्त्र्यांसारखा एकच आवाज नव्हता, पण एका विखुरलेल्या समाजाचे पत्ते एका ठिकाणी जमत होते. प्रकाशकाच्या दृष्टीने वर्गणीदारांची अशी यादी छापखान्याच्या यंत्राहून मोलाची. यंत्र भाड्यानेही मिळते.

पुढे नियतकालिक आणि ग्रंथमाला हातात हात घालूनच चालल्या. 1940 मध्ये सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा आयुर्वेदावरचा संस्कृत ग्रंथ हिंदी भाषांतरासह काढला. संपादक होते पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री, आणि ‘जैन बोधक’चे संपादकपदही त्यांच्याकडेच होते. लगेच पुढच्या वर्षी, 1941 च्या उन्हाळ्यात, ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी नाशिकजवळच्या गजपंथा येथे विद्वानांना बोलावले. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ निघाला. 30 हजारांच्या देणगीने सुरुवात झाली आणि 1944 मध्ये जीवराजांनी सुमारे दोन लाखांची सगळी संपत्ती संघाला दिली. जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुस्तक 1943 मध्येच निघाले होते. ते होते ‘तिलोयपण्णत्ती’, म्हणजे विश्वरचनेवरचा प्राकृत ग्रंथ, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन.