गुडघ्याला ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन: पैसे भरण्याआधी

अम्मी नमाजला खुर्ची मागू लागल्या की मुलं मोबाईलवर गुडघ्याचा इलाज शोधतात. दुसऱ्या दिवसापासून जाहिराती मागे लागतात: ऑपरेशन नको, एका इंजेक्शनात गुडघा नवा! मग साताऱ्याची माणसं पुण्याला निघतात, सांगलीची मिरजेत चौकशी करतात.

या आजारात हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गादी, झिजते. पोटाच्या चरबीतून किंवा कमरेच्या हाडातल्या मज्जेतून पेशी काढून गुडघ्यात सोडल्या की ती पुन्हा वाढते, असा दावा असतो. तो सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत 475 रुग्णांवरची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. मज्जा, चरबी, नाळ, कुठल्याही पेशींचं इंजेक्शन वर्षभरानंतर साध्या स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांतलं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर स्टेम सेल देता येत नाहीत. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा ‘आमचं संशोधन चालू आहे’ म्हणणारा पॅकेजही सांगत असेल, तर तिथेच थांबा.

रीतसर परवानगी मिळालेलं एक औषध आहे. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने दात्याच्या मज्जेपासून ते बनवलं. औषध महानियंत्रकांनी 2022 मध्ये त्याला गुडघ्यासाठी मान्यता दिली. अल्केम कंपनी ते ‘स्टेमवन’ नावाने विकते. पण तेही झीज ग्रेड 2 किंवा 3 असेल तरच. हाडाला हाड घासू लागलेल्या ग्रेड 4 साठी नाही, आणि जाहिरातींना बळी पडतात ते बहुधा हेच रुग्ण.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग. त्यालाही काहीजण स्टेम सेल म्हणून खपवतात. ते स्टेम सेल नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर पॅकेज लाखाच्या घरात जातं, वर ‘आजच भरा, सूट मिळेल’ अशी घाई. सांधा बदलण्याच्या कोबाल्ट-क्रोमियम इम्प्लांटची किंमत सरकारने 2017 मध्ये 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी बांधली होती. अशा पॅकेजला तसं बंधन नाही.

म्हणून दागिने मोडण्याआधी, भिशी उचलण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: औषधाचं नाव, एक्स-रेवरून ठरलेली ग्रेड, आणि चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक. क्रमांक इंटरनेटवर फुकट तपासता येतो. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न लावता निघतं. ते आधी काढून ठेवा.