मुदत लिहिलेली नाही

1897 सालच्या जुलैच्या अखेरीस तुम्ही पुण्यात उतरता तेव्हा पावसाची झड लागलेली असते. अंगात बाराबंदी, डोक्याला पागोटं, काखेत दप्तराचं गाठोडं. तुम्ही सरदार नातूंच्या वाड्यावरचे कारकून आहात. ही नोकरी तुमच्यासाठी मी मुद्दाम निवडली आहे. सरदारांना पकडून नेतात, वकील बोलतात, वर्तमानपत्रं लिहितात; कागद मात्र कारकुनालाच सांभाळावे लागतात. आणि या प्रकरणात सगळी गंमत कागदांतच आहे.

एक पथ्य पाळा. रँडला कुणी मारलं हे तुम्हाला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. इथे ते कुणाला सांगायचं नाही. तसं घाबरायचं कारण नाही, तुम्हाला ते कुणी विचारणारही नाही.

महिन्यापूर्वी, 22 जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या लाटसाहेबाच्या बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. तिथून परतणाऱ्या बग्ग्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड 3 जुलैला वारला. सरकारने 20,000 रुपयांचं बक्षीस लावलं आहे. गावात ज्यादा पोलीस बसवले आहेत आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला आहे. एवढं करून मारेकरी सापडत नाहीत. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारला काहीतरी करून दाखवायचं आहे, आणि ते त्याने केलं: 27 जुलैच्या रात्री टिळकांना मुंबईत धरलं, आणि त्याच दिवसांत इथे पुण्यात तुमच्या दोन्ही धन्यांना, बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातूंना. एकाची रवानगी ठाण्याच्या तुरुंगात, दुसऱ्याची अहमदाबादला. मालमत्तेवर जप्ती आली.

वाड्यात चूल पेटलेली नाही. आतून निरोप येतो की वकिलाकडे जा. तुम्ही छत्री घेऊन निघता. रस्त्यावर चिखल, दारं निम्मी लोटलेली; प्लेगने आणि झडत्यांनी हे गाव आधीच अर्धं करून ठेवलं आहे. गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून केलेल्या धिंगाण्याबद्दल ज्यांनी साहेबाकडे रीतसर तक्रारी केल्या, त्यांत नातूही होते. तक्रार रीतसर होती हे लक्षात ठेवा. वाटेत चार माणसं तुम्हाला ओळखतात आणि नेमकी तेव्हाच दुसरीकडे बघतात.

वकील बैठकीवर बसूनच विचारतात, "काय हो, कलम कोणतं लावलंय?"

"कलम नाही, रावसाहेब. 1827 चं पंचविसावं रेग्युलेशन म्हणतात."

"आरोप?"

"लिहिलेला नाही."

"कुठल्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं?"

"कुणापुढेच नाही."

"मुदत?"

तुम्ही मान हलवता. वकील उठून फडताळातून एक जाड पुस्तक काढतात. गव्हर्नर एल्फिन्स्टनने जाता जाता मुंबई इलाख्याला कायद्यांचा जो संच दिला, त्यातलंच हे एक रेग्युलेशन. राज्याच्या कारणास्तव एखाद्याला अटकेत ठेवणं आणि त्याच्या जमिनी ताब्यात घेणं, एवढाच त्याचा विषय. बंगालमध्ये 1818 चं तिसरं, मद्रासेत 1819 चं दुसरं, आणि इथे 1827 चं पंचविसावं: तिन्ही भावंडं. बंगालच्या रेग्युलेशनच्या प्रस्तावनेत तर सरळच म्हटलं आहे की ज्याच्यावर खटला भरण्याइतका आधार नसेल, अशा माणसालाही सरकारला अडकवता यावं म्हणून हा कायदा आहे. पुरावा नाही ही इथे अडचण धरलेलीच नाही. कायदा तिथूनच सुरू होतो.

"मग हायकोर्टात अर्ज करायचा ना, रावसाहेब?"

"कलकत्त्याला करून बघितलाय. वहाबी कटाच्या संशयावरून अमीरखान म्हणून एका व्यापाऱ्याला असाच डांबला होता. 1870 साली मुंबईचा ॲन्स्टी बॅरिस्टर त्याच्यासाठी तिकडे जाऊन भांडला. नॉर्मन जज्जाने अर्ज काढून टाकला." ते पुस्तक मिटतात. "आरोप असता तर तो खोटा पाडला असता. साक्षीदार असता तर उलटतपासणीत फोडला असता. इथे मी खोडू काय?"

पुढच्याच वर्षी नॉर्मनचा कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर खून झाला, हे वकील बोलत नाहीत. ज्यादा पोलिसांच्या दिवसांत असले विषय कुणी काढत नाही.

परतताना शनिवारवाड्यावरून जा. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुणेकर या गोष्टीवर दबक्या आवाजात हसतात आणि ते हसू तुम्हालाही कळायला हवं. 1817 साली या वाड्यावर इंग्रजांचं निशाण लावणारा म्हणून ज्याचं नाव अजून दातओठ खात घेतात, तो बाळाजीपंत नातू याच घराण्यातला. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी इंग्रजांनी हे रेग्युलेशन केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे होते जुने सरदार, जहागीरदार, राजेरजवाडे. ज्यांच्यावर खटला चालवणं गैरसोयीचं, अशी माणसं. सत्तर वर्षांनी ते फिरून कुणाच्या दारात आलं बघा. असल्या कायद्याला मागच्या उपकारांची आठवण नसते, असं म्हणून कुणी समाधान मानेल. मला तो विनोद फारसा आवडत नाही. पूर्वजाचं पाप काढून वंशजाच्या अटकेवर हसणं हे त्या रेग्युलेशनइतकंच सैल न्यायशास्त्र झालं.

आता मुंबईला चला, कारण तुलना केल्याशिवाय तुमच्या दप्तरात काय कमी आहे ते कळत नाही. टिळकांवर कलम 124 अ, म्हणजे राजद्रोह. ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी त्यांना जामीन देतात. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला उभा राहतो: नऊ ज्यूरर, त्यांत सहा युरोपियन. जज्जसाहेब ज्यूरीला समजावतात की सरकारविषयी ममत्व नसणं म्हणजेच अप्रीती. निकाल तुम्ही गर्दीत उभं राहून ऐकता. सहा विरुद्ध तीन, दोषी. 14 सप्टेंबरला शिक्षा होते, अठरा महिने. खटला एकतर्फी होता हे तिथला पट्टेवालासुद्धा सांगेल. तरीही तुम्ही कारकून आहात, तुमचं लक्ष दुसरीकडेच आहे. टिळकांच्या माणसांना निकालाची नक्कल मिळणार आहे. लेख कोणते, शब्द कोणते, शिक्षा किती, सगळं त्यात असेल. त्यांच्या घरच्यांना बोटं मोजता येतील. तुम्ही मात्र वाड्यावर जाऊन बाईसाहेबांना काय सांगणार?

ठाण्याला आगगाडीने जाता येतं. तुरुंग म्हणजे खाडीजवळचा जुना किल्लाच. तुमचे धनी इथे गुन्हेगार म्हणून आलेले नाहीत. ते राजकैदी आहेत, शिक्षा झालेली नाही म्हणून सक्तमजुरीही नाही. इथे मला या भावंड कायद्यांतली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट सांगायची आहे. बंगालच्या रेग्युलेशनमध्ये अशी तजवीज आहे की राजकैदी ज्याच्या ताब्यात असेल त्या अंमलदाराने दरवर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला त्याची वागणूक, प्रकृती आणि सुखसोयी यांबद्दल वर अहवाल पाठवायचा. तो बघून सरकार ठरवणार, अटक चालू ठेवायची की नाही. कायदा करणारा माणूस राक्षस नव्हता. त्याने कैद्याच्या तब्येतीची चौकशी सहा महिन्यांनी ठेवली. कैद्याने काय केलं ही चौकशी मात्र कोणत्याच तारखेला ठेवली नाही.

डिसेंबरात अमरावती. काँग्रेसचं अधिवेशन आहे. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा आवाज घुमतो, टिळकांचं नाव निघालं की लोक उभे राहतात. नातूंचाही विषय निघतो: आरोप असेल तर खटला भरा, नाही तर सोडा. ठराव अतिशय अदबशीर आहे. तिकडे विलायतेत हाउस ऑफ कॉमन्समध्येही प्रश्न विचारले जातात आणि भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन उत्तरं देतात. तुम्ही वर्तमानपत्रांची कात्रणं दप्तरात ठेवता. दप्तर जाड होत जातं.

एव्हाना एक गोष्ट घडून गेली आहे. दामोदर हरी चापेकर पकडला गेला आहे, द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून. म्हणजे तुम्ही जुलैपासून पोटात दडवलेलं नाव आता सगळ्या गावाच्या तोंडी आहे. दामोदरवर खटला चालतो आणि 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात त्याला फाशी होते. नातूंवर त्या खटल्यात आरोप नाही. वाड्यात तुम्हाला वाटतं, आता तरी सोडतील. का वाटावं? ज्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तो नातूंना कधी अधिकृतपणे विचारलेलाच नव्हता. मग उत्तर सापडल्याने त्यांच्या कागदात काय बदलणार?

6 सप्टेंबर 1898 ला टिळक मुदतीच्या आधीच सुटतात. पुण्यात दिवे लागतात. नातूबंधू अजूनही सरकारच्या ताब्यात आहेत. राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेला माणूस घरी आला आणि ज्यांच्यावर काहीच शाबीत करायचा प्रयत्न झाला नाही ते आत राहिले, हा हिशेब त्या रात्री दिव्यांच्या उजेडात बसून कुणी मांडला असेल तर तुम्हीच. त्यांची सुटका व्हायला पुढचं 1899 साल उजाडलं. दोषमुक्तीचा कागद त्यांना मिळाला नाही, कारण दोषी ठरवणाराही कागद नव्हता.

कारकुनाच्या कपड्यांतच पुढे चला. 1925, मंडाले. याच तुरुंगात टिळक 1908 नंतर सहा वर्षांची शिक्षा भोगून गेले. आता सुभाषचंद्र बोस आहेत, बंगालमधल्या दहशतवादी कटाशी संबंध असल्याच्या संशयावरून, 1818 च्या त्याच तिसऱ्या रेग्युलेशनखाली. ते आत असतानाच बंगालच्या कायदेमंडळावर निवडून येतात. तरी सुटत नाहीत. 1927 साली प्रकृती ढासळली तेव्हा सोडतात. टिळकांना सहाचा आकडा ठाऊक होता. सुभाषबाबूंना आकडाच नव्हता.

फेब्रुवारी 1950, दिल्ली. राज्यघटना लागू होऊन महिनासुद्धा झालेला नाही आणि सरदार पटेल प्रतिबंधक स्थानबद्धतेचं विधेयक मांडत आहेत. हा निर्णय घेताना झोप उडाली होती, असं ते सभागृहाला सांगतात. मला ते खरं वाटतं. ऑगस्ट 1942 मध्ये याच पटेलांना, नेहरूंना, आझादांना बिनचौकशी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. त्या सभागृहात असल्या अटकेची ओळख नसलेला बाक शोधावा लागला असता. कायदा एक वर्षापुरता होता. तो वाढवत वाढवत 1969 च्या अखेरपर्यंत नेला, आणि 1971 साली तसाच ‘मिसा’ हा कायदा आला. त्या पहिल्या कायद्याला कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाने कलम 14 तेवढं काढलं, बाकी कायदा ठेवला. काय होतं त्या कलमात? अटकेची कारणं कोर्टालाही सांगायला मनाई.

शेवटचा मुक्काम लांबचा आहे. क्यूबाच्या किनाऱ्यावरचा अमेरिकेचा नाविक तळ, ग्वांतानामो बे. 11 जानेवारी 2002 ला पहिले 20 कैदी उतरवले. पुढे एकूण 780 च्या आसपास झाले. अफगाणिस्तानात अमेरिकेने बक्षिसांची पत्रकं विमानांतून टाकली होती, आणि कित्येकांना पैसे घेऊन हवाली केलं गेलं होतं. पुण्यातही बक्षीस होतं. पण तिथे द्रविडांनी दिलेलं नाव कोर्टात तपासून घ्यावं लागलं. इथे ते तपासायला कोर्टाचा दरवाजाच नव्हता. या कैद्यांना हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटक कोर्टाकडून तपासून घेण्याचा, हक्क आहे असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

तुम्हाला एका कार्यालयात नेतात. गार हवा, दिव्यांचा पांढरा उजेड, फायली. 2011 च्या अध्यक्षीय आदेशानुसार आरोप न ठेवलेल्या कैद्यांसाठी पुनर्विलोकन मंडळ नेमलेलं आहे. पूर्ण सुनावणी तीन वर्षांनी, आणि मधल्या काळात फाइल बघायची दर सहा महिन्यांनी. मंडळ गुन्हा शाबीत आहे का हे बघत नाही. हा माणूस अजून धोकादायक आहे का, एवढंच बघतं. 1 जानेवारी आणि 1 जुलै या तारखा तुमच्या लगेच ध्यानात येतात. 2025 च्या जानेवारीत तिथे 15 कैदी उरले होते. त्यांतल्या सहा जणांवर तोवर एकही आरोप ठेवलेला नव्हता, आणि त्या सहांपैकी तिघांना सोडायला हरकत नाही असं सरकारनेच ठरवून झालं होतं.