जुन्नर-आंबेगाव परिसरातील सावकारी आणि पतव्यवहाराची नैतिकता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
भांडवलशाहीचा इतिहास प्रामुख्याने गिरण्या, बंदरे व शेअर बाजार यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. परंतु पैशाने पैसा वाढविण्याच्या व्यवहाराचे सामाजिक परिणाम ग्रामीण कर्जसंबंधांत अधिक स्पष्ट दिसतात. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके महत्त्वाचे आहेत. धनको व ऋणको यांच्यातील जबाबदारीचे नाते कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन पतव्यवहार :
सातवाहन काळात नाणेघाटाच्या व्यापारी मार्गामुळे जुन्नर ही मोठी बाजारपेठ बनली. येथील लेण्यांतील शिलालेखांत वेळूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या निधीचे उल्लेख आढळतात. नाशिक येथील उषवदाताच्या लेखात विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे ठेवल्याची नोंद असून व्याजाचे दरही कोरलेले आहेत. मुद्दल अक्षय राहावे व व्याजातून भिक्षूंचा खर्च भागावा, अशी ही व्यवस्था होती. व्याज तेव्हाही होते. मात्र रक्कम, दर व हेतू सर्वांसमोर जाहीर केलेले होते.

ब्रिटिश काळातील परिवर्तन :
रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदार रोख साऱ्यास व्यक्तिशः जबाबदार झाला. जमीन विक्रीयोग्य झाल्याने ती कर्जाचे तारण बनली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. निरक्षर कुळाचा अंगठा हाच न्यायालयात निर्णायक पुरावा ठरला.

अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळात कापसाचे भाव वाढले व कर्ज सुलभ झाले. युद्धानंतर भाव कोसळले, सारावाढ झाली आणि सावकारांनी हात आखडता घेतला. दूरच्या बाजारपेठेतील चढउताराची झळ अशा रीतीने दख्खनमधील शेतकऱ्यास बसली.

प्रतिकार व कायदा :
आंबेगावच्या डोंगरी भागातील जांभोरी येथील महादेव कोळी समाजाचे होनाजी भागोजी केंगले यांनी १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड उभारले. १८७६ मध्ये ते पकडले गेले. दरम्यान १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोखे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. ज्या कागदामुळे जमीन जात होती, तोच कागद त्यांनी लक्ष्य केला, ही बाब लक्षणीय आहे.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. रोख्यापलीकडे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा मार्ग खुला केला. परस्परांना ओळखणाऱ्या सभासदांची सामुदायिक जबाबदारी हे तिचे तत्त्व होते.

निष्कर्ष :
१) सावकाराचा वैयक्तिक लोभ हे एकमेव कारण नव्हते; जोखीम ऋणकोवर व संरक्षण धनकोस, ही कायदेशीर विषमता अधिक निर्णायक होती.
२) करारावरील सही म्हणजे खरी संमती नव्हे, हे तत्त्व १८७९ च्या कायद्याने अंशतः मान्य केले.
३) २००८ च्या अमेरिकेतील गृहकर्ज संकटात कर्जे रोख्यांच्या रूपाने अनेकांना विकली गेली होती आणि मूळ ऋणकोच्या परतफेडीच्या क्षमतेची जबाबदारी कोणावरच उरली नव्हती. स्थळ व काळ भिन्न असले, तरी कागद खरा आणि माणूस गौण मानणाऱ्या व्यवस्थेचे मूल्य अखेर दुर्बळ घटकांनाच चुकवावे लागते, हेच यातून स्पष्ट होते.