कागदावरून नळापर्यंत : वीस वर्षं

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. मुंबईत एक धरण कागदावरून नळात यायला साधारण वीस वर्षं लागतात. हे मी उगाच म्हणत नाही, इतिहासच तसा आहे.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी आलं. त्याआधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. १८५४ साली पावसानं दगा दिला, तेव्हा आगगाडीनं आणि होड्यांनी पाणी आणावं लागलं. (आगगाडी तेव्हा जेमतेम वर्षाची होती!) मग कुठे हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरच्या विहार योजनेनं वेग घेतला.

पण कापसाच्या तेजीत माणसांचा लोंढा आला आणि १८६४ च्या शिरगणतीत शहर ८ लाख १६ हजारांवर गेलं. १८७२ मध्ये मेजर टुलॉक यांनी थेट तानसा नदीवर धरण बांधण्याची योजना मांडली. शंभरेक किलोमीटरवरून पाणी आणायचं! त्यापेक्षा जवळचा तुळशी तलाव सोयीचा वाटला, तो १८७९ मध्ये झाला. तोही पुरेना, म्हणून घाईघाईनं पवई बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही. शेवटी तानसाचं पाणी आलं १८९२ मध्ये, म्हणजे टुलॉक साहेबांच्या अहवालानंतर बरोब्बर वीस वर्षांनी. आपल्या मुलुंडमधून जाणारे ते अजस्र पाइप तानसाचेच.

पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण झालं. त्याच्या जलाशयाला महापालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांचं नाव आहे, मोडकसागर. मग अप्पर वैतरणा, भातसा. १९५१ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख माणसं होती, १९९१ मध्ये ९९ लाख. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीनं १९९४ मध्ये २०२१ पर्यंतच्या गरजेचा हिशेब मांडून मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही तीन धरणं सुचवली. त्यातलं मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झालं. पुन्हा वीस वर्षं! उरलेल्या दोन धरणांचं पाणी आपल्या नळाला अजून आलेलं नाही.

गारगाई रखडलं त्याला फक्त सरकारी दिरंगाई कारण नाही. तिथे अभयारण्यातली लाखो झाडं आणि आदिवासींची गावं पाण्याखाली जाणार. आणि तानसा, भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आपण ‘प्रेशर कमी आहे’ म्हणून वॉर्ड ऑफिसला फोन करतो, तेव्हा हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. महापालिकेनं नवं धरण मागण्याआधी गळती आणि चोरी रोखावी, असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्राचं पाणी गोडं करायची मनोरीची योजनाही आहेच, पण ते पाणी महाग पडणार.

आता आपल्याकडे पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. फ्लॅट जवळजवळ दुप्पट होतील. पार्किंग आणि कॉर्पस फंडावर तीन सभा गाजल्या, पण खालच्या टाकीत किती पाणी मावेल हे अजून कुणी विचारलेलं नाही. हजार चौरस मीटरवरच्या प्लॉटवर नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय २००२ पासून सक्तीची आहे. बिल्डर ती कागदावर दाखवणारच. प्रत्यक्षात खड्डा कुठे, किती खोल, आणि दरवर्षी साफ कोण करणार, हे करारात लिहून घ्यावं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे.