अकीक ते हिरा : पैठणच्या गाड्या आणि मुंबई-सूरतचे मनोरे

१/ वांद्रे-कुर्ला संकुलात २० एकरांवर ‘भारत डायमंड बोर्स’ उभे आहे; त्यात सुमारे २,५०० कचेऱ्या आहेत. सूरतच्या खजोद भागात १५ मजल्यांचे ९ मनोरे हिऱ्यांच्याच व्यापारासाठी उभारले गेले. रत्नांची बाजारपेठ कोकणाकडे असावी की गुजरातकडे, ही चढाओढ मात्र या मनोऱ्यांहून पुष्कळ जुनी आहे. तिचे एक टोक पैठणला पोहोचते.

२/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवरील या नगरातून अकीकासारखे पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेले जात. पैठणच्या पूर्वेस १० दिवसांवर तेर होते. तेथून कापड येई.

३/ दख्खनचा पठारी प्रदेश लाव्हारसापासून बनलेला आहे. त्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो. कच्चा माल भूमीने दिला, बाजार सातवाहनांच्या राजधानीने दिला आणि गिऱ्हाईक समुद्रापार मिळाले.

४/ येथे एक कोडे आहे. पैठणहून जुन्नर-नाणेघाटमार्गे कल्याण बंदर भडोचपेक्षा पुष्कळ जवळ. मग माल इतक्या दूर का जाई?

५/ उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. थोरल्या ‘सारगन’ राजाच्या काळात कल्याण हे रीतसर बाजारबंदर होते. पुढे ‘संदनेस’च्या अमलात तेथील व्यापारात अडथळे आले आणि तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. जवळची वाट अंतरामुळे नव्हे, सत्तेमुळे बंद झाली.

६/ सातवाहन आणि पश्चिमेकडील क्षहरात क्षत्रप यांच्या संघर्षात व्यापारी मार्गांचा ताबा हा मोठा मुद्दा होता. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. बाजार कोणाचा, हे नाणेच सांगत होते.

७/ व्यापाराचा दुसरा आधार म्हणजे पत. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा १ टक्का व्याजाने कायमचे ठेवल्याचे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. राजे लढत होते, तरी कारागिरांच्या संघटनेवरील विश्वास टिकून होता.

८/ आता मुंबई. अनेक वर्षे हिऱ्यांचा व्यवहार ऑपेरा हाऊस परिसरात, ‘पंचरत्न’ व ‘प्रसाद चेंबर्स’ या इमारतींत आणि त्यांच्या पायथ्याशी रस्त्यावर चाले. कागदाच्या पुडीतील माल, दलालाचा शब्द आणि अंगडियाची ने-आण यांवर तो उभा होता. १९८४ मध्ये स्थापन झालेले बोर्स ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले, तरी अनेक व्यापारी जुनी जागा सोडण्यास तयार नव्हते. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, दादर आणि ऑपेरा हाऊस येथे बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर स्थलांतराला वेग आला. जे नव्या इमारतीच्या आकर्षणाने झाले नाही, ते भयाने घडवले.

९/ १७ डिसेंबर २०२३ रोजी सूरतच्या बोर्सचे उद्घाटन झाले. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू याच शहरात पडतात. तरीही मुंबईतील अनेक पेढ्यांनी मुक्काम हलवला नाही. बँका, सीमाशुल्क कचेरी, परदेशी ग्राहकांची विमाने आणि पिढ्यांच्या ओळखी मुंबईत होत्या.

१०/ पैठणची बाजारपेठ कारागिरी संपल्याने पडली असे म्हणता येत नाही. पैठणीच्या रूपाने तेथील विणकामाचे नाव आजही टिकून आहे. सातवाहनांची सत्ता लयास गेली आणि सागरी व्यापाराचे प्रवाह बदलले, तसे राजधानीचे महत्त्व ओसरले. मुंबई आणि सूरत या दोघींसाठी यात इशारा आहे : मनोरे बांधता येतात, परंतु वाट, सुरक्षितता आणि पत या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, बाजार तेथेच वसतो. त्यांतील एक जरी हलली, तरी गाड्या दुसरी वाट धरतात.