प्रकाशयोजना, गृहांतर्गत

घरातील खोल्यांचा उपयोग व त्यांत हवे असलेले वातावरण लक्षात घेऊन केलेली दिव्यांची मांडणी. अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली (१९१०–७७) यांनी १९५२ मध्ये प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले : खोलीभर पसरणारी प्रभा, विशिष्ट जागी पडणारा केंद्रित उजेड आणि चमचमाट. सध्याच्या सर्वसाधारण, कार्य व उठाव प्रकाश या विभागणीचे त्या प्रकारांशी साम्य आहे.

प्रकाशाची छटा केल्व्हिन एककात सांगतात. सुमारे २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर व ऊबदार, तर ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा भासतो. भारतीय घरांतील पांढऱ्या ट्यूबलाइटी बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात. दिवाणखाना व शयनगृहासाठी ऊबदार छटा पसंत करतात. शिवाय रात्री निळसर प्रखर प्रकाशामुळे निद्रेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण मंदावते.

उघडा दिवा डोळ्यांत खुपतो. तो झाकण्यासाठी डॅनिश वास्तुविशारद पॉल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी १९२० च्या दशकात एकावर एक आच्छादनांचे, प्रकाश परावर्तित करणारे दिवे घडविले. घरातही छतावरील एकाच प्रखर दिव्याऐवजी कमी उंचीवरचे दोन-तीन मंद दिवे ठेवल्यास किंवा भिंतीवर झोत टाकल्यास सावल्या सौम्य होतात. उजेड कमीजास्त करण्यासाठी डिमर वापरतात. मात्र त्यासाठी एलईडी दिवा डिमरयोग्य असावा लागतो, अन्यथा तो लुकलुकतो.